सात नंबर, पण कुठल्या सोसायटीतला?

प्रश्न : मी लिनक्ससाठी एक ड्रायव्हर लिहिलाय. प्रोग्रॅम आयओक्टलमधून स्वतःचा पीआयडी कळवतो. काम झालं की वर्कक्यूमधून मी त्या नंबरला सिग्नल पाठवतो. कंटेनरमध्ये मात्र सिग्नल पोचत नाही. काय चुकतंय?

उत्तर : पीआयडी म्हणजे नुसता फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव नसेल तर पोस्टमन जाणार कुठे? लिनक्स २.६.२४ पासून (२००८) प्रत्येक पीआयडी नेमस्पेसची मोजणी स्वतंत्र असते. कंटेनरची नेमस्पेस म्हणजे वेगळी सोसायटी, म्हणून त्यातला ७ बाहेरून ४८१२ असू शकतो. आयओक्टलमध्ये ‘करंट’ म्हणजे तुमचा प्रोग्रॅम. वर्कक्यूत मात्र तो कर्नलचा वर्कर, मूळ नेमस्पेसमधला. तिथे ‘फाइंड_व्हीपिड’ला ७ दिलात, तर बाहेरचाच ७ हाती लागणार. शिवाय प्रोसेस संपली की तिचा नंबर दुसरीला मिळू शकतो.

म्हणून नंबर विचारूच नका. आयओक्टलमध्येच ‘गेट_पिड(टास्क_टीजीआयडी(करंट))’ करून ‘स्ट्रक्ट पिड’चा पॉइंटर ठेवा. प्रोग्रॅमला दुसऱ्याचा नंबर पुढे करण्याची संधीही उरत नाही. वर्कक्यूत ‘किल_पिड’ला तोच पॉइंटर द्या, प्रोसेस संपली असेल तर सिग्नल भलत्याला न जाता एरर परत येते. ड्रायव्हर बंद करताना आधी ‘कॅन्सल_वर्क_सिंक’, मगच ‘पुट_पिड’. क्रम उलटा झाला तर मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागेल.

लॉगमध्ये ‘पिड_एनआर’, प्रोग्रॅमला उत्तर देताना ‘पिड_व्हीएनआर’ वापरा. प्रोग्रॅमच्या नेमस्पेसमधून प्रोसेस दिसत नसेल तर ‘पिड_व्हीएनआर’कडून ० मिळतो, तो तपासा. ‘किल’ला ० दिला की सिग्नल पाठवणाऱ्याच्याच प्रोसेस ग्रुपवर उलटतो.