जुन्या मोटारीचा गळका पाणीपंप वेळीच बदला

विहिरीवरील पंप व मोटारीच्या इंजिनावरील पाणीपंप एकाच जातीचे होत. दोहोंतही फिरणारा पंखा पाणी बाहेरच्या बाजूस फेकून पुढे ढकलतो. मात्र एका बाबतीत त्यांत मोठा फरक आहे. विहिरीवरील पंपाच्या ग्लँड-दोरीतून थेंब थेंब पाणी पडणे इष्ट असते. मोटारीच्या पंपातून थेंब पडू लागले, तर त्याचे आयुष्य संपत आले असे समजावे. तेव्हा रेडिएटरमध्ये वरचेवर पाणी ओतून दिवस काढू नयेत.

पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या ई २२० मोटारींची जोडणी सुरू झाली. पुढे २००९ साली त्या कंपनीचा कारखाना चाकण येथे उभा राहिला. पहिल्या मोटारी आता बऱ्याच जुन्या झाल्या आहेत. अशी मोटार कमी किमतीत मिळाली, तरी तिची दुरुस्ती स्वस्त नसते. तिच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते; इंजिन फार तापल्यास ते वाकते.

गळती कशी ओळखावी?

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. आतील सील झिजले की कुलंट त्यातून पाझरतो व तेथे रंगीत खर धरते. हे छिद्र बुजवू नये; बुजविल्यास कुलंट बेअरिंगमध्ये शिरतो. इंजिन बंद असताना पुली हाताने हलवून पाहावी. ती डुगडुगत असल्यास बेअरिंग गेले आहे.

पंप बदलण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास अंग भाजते. बॅटरीची तार काढावी.

२. कुलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यावा.

३. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे चित्र काढून मगच तो उतरवावा. मार्गात येत असल्यास पंखा काढावा.

४. बोल्ट कमीअधिक लांबीचे असतात. पुठ्ठ्याला भोके पाडून ते त्याच क्रमाने खोचून ठेवावेत.

५. जुने गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नये. नवे गॅस्केट घालून पंप बसवावा व बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, टॉर्कच्या पान्याने पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत.

६. पट्टा व रबरी नळ्या तडकल्या असल्यास त्याच वेळी बदलाव्यात.

७. कंपनीने सांगितलेला कुलंट व शुद्ध केलेले पाणी सामान्यतः निम्मे निम्मे मिसळून भरावे. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. हीटर चालू ठेवून हवा निघू द्यावी. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी तपासावी.

जनावरांना जपा

कुलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. ते पोटात गेल्यास जनावरांची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून काढलेल्या कुलंटचे भांडे गोठ्याजवळ उघडे ठेवू नये व तो ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. सांडलेला भाग लगेच पुसावा, आणि जुना कुलंट बंद डब्यात भरून विल्हेवाटीची सोय असलेल्या गॅरेजकडे द्यावा.

पाण्याने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरच्या व जीपच्या इंजिनालाही हेच नियम लागू पडतात. ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना पंपावरील ते छिद्र प्रत्यक्ष दाखवावे. पहिल्याच थेंबाची दखल घेतल्यास एका पंपाच्या खर्चात इंजिन वाचते.