पट्ट्याला ढील असू दे

अगं, तुझा व्हिडिओ पाहिला आणि जीव कळवळला. कुत्र्याचं दोन महिन्यांचं लेकरू पायरीवर फतकल मारून बसलंय आणि तू पट्टा ओढतेयस. रागावत नाहीये मी, पण जरा ऐक.

त्याला एवढ्यात रस्त्यावर उतरवूच नकोस. पिल्लाच्या लशी 6 ते 8 आठवड्यांचं असताना सुरू होतात आणि साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे शेजारी आजारी कुत्रं दिसत नाही म्हणून जमीन सुरक्षित आहे असं समजू नकोस. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला कडेवर घेऊन फीर. रिक्षा, भाजीची हातगाडी, कुकरची शिट्टी, हे सगळं त्याला तिथूनच कळू दे.

पट्ट्याची सवय मात्र आजपासून घरातच लाव. जेवायच्या वेळी गळ्यात हलका पट्टा घाल, आत दोन बोटं सहज जातील इतका सैल. ते खाजवेल, गोल गोल फिरेल. तू लक्ष देऊ नकोस. ते विसरलं की एक हलकी दोरी अडकव आणि तुझ्या नजरेसमोर ती हॉलभर ओढत फिरू दे. दोरी चावली तर हिसकू नकोस, त्याला तो खेळच वाटतो. खेळणं पुढे कर. मग दोरीचं टोक हातात घे आणि आधी तूच त्याच्या मागे जा. ते जमलं की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा चण्याएवढा तुकडा आपल्या पायाशी धर. तिथे आलं की लगेच दे. पाच मिनिटं पुरेत, कंटाळण्याआधी थांबायचं. आणि हो, कांदा-लसूण घातलेलं काही, मनुके, चॉकलेट अजिबात नाही.

आता खरं गुपित सांगते. पतंगासारखी ढील द्यायची. कुत्र्याला ओढलं की ते उलट बाजूला जोर लावतं, म्हणून पायरीवर बसलेलं तुझं पिल्लू आणखी घट्ट बसलं. ते पुढे ओढायला लागलं तर जागच्या जागी थांब, बोलूही नकोस. पट्टा सैल झाला की चाल. ओढून एकदा जरी हव्या त्या झाडापाशी पोचलं, तरी ओढण्याने काम होतं हे ते पक्कं शिकतं. घरातल्या प्रत्येकाने हेच करायला हवं. आईला आणि बाबांनाही सांग. आपोआप लांब होणारा दोरीचा पट्टा म्हणूनच नको, तो कायम ताणलेला असतो. साधा पाच-सहा फुटी घे. आणि पिल्लाची मान कोवळी असते, तेव्हा फिरताना छातीला बसणारा हार्नेस बरा.

लशी झाल्या की पहाटे नवसह्याद्रीच्या आतल्या गल्ल्यांत ने. लग्नसराईत संध्याकाळी डीपी रोडकडे फिरकू नकोस. तिथे कार्यालयं, वराती, फटाके. पहिल्याच फेऱ्यांत घाबरलं तर पुढे बाहेर पडायलाच तयार होत नाही. कमिन्स कॉलेज सुटायची वेळही टाळ. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा मागचा भाग ठेवून बघ. तुला पाच-सात सेकंद सोसलं नाही, तर त्याचे तळवेही भाजणार. गल्लीतली कुत्री आपली हद्द राखत असतात. ती लांबून दिसली की पळू नकोस, शांतपणे वळ. त्यांना खाऊ घालणाऱ्या काकूंशी ओळख करून ठेव, कुठलं कुत्रं कसं आहे ते त्याच सांगतील.

पिशवीत जुने कागद ठेव, त्याची शी आपणच उचलायची. महापालिकेचा परवानाही काढून टाक, रेबीजच्या लशीचा दाखला लागेल. हार्नेस आणायला मात्र एकटी जाऊ नकोस, त्याची छाती मोजून ठेव आणि मला फोन कर. मी येते.