मोगलाई म्हणजे काय?

मंडळी, परवा आपल्या वर्गातले एक बाबा रागावूनच आले. कुणी तरी त्यांच्याकडून पैसे घेतले आणि पावती दिली नाही. बाबा म्हणाले, "गुरुजी, ही काय मोगलाई आहे का?"

मी म्हटलं, "बाबा, शब्द नेमका वापरलात. आज तोच फळ्यावर लिहू."

मो-ग-ला-ई. पेशव्यांची ती पेशवाई, तशी मोगलांची ती मोगलाई. मूळ अर्थ एवढाच, मोगलांचे राज्य. मग तो वाईट कसा झाला?

१६०० साली अकबर बादशहाच्या फौजेने आपला नगरचा किल्ला घेतला. १६३६ साली नगरची निजामशाही बुडाली. पुढे औरंगजेब बादशहा पंचवीस वर्षे दक्षिणेत लढत राहिला. १७०७ साली तो इथे भिंगारजवळच वारला. लढाई राजांची, पण तुडवले गेले ते रयतेचे शेत.

१७२४ पासून हैदराबादला निजामाचा अंमल सुरू झाला. तो स्वतःला मोगल बादशहाचा सुभेदार म्हणवी. म्हणून त्याच्या मुलुखालाही लोक मोगलाईच म्हणत. शेवगावकडून गोदावरी ओलांडून पैठणला गेले, की मोगलाई लागली!

तिथे पुष्कळ वर्षे सारावसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी. मग ती रक्कम आणि वर आपला नफा रयतेकडून काढी. मराठे सरदारही तिथून चौथाई घेत. बैल एक आणि मालक दोन! दाद कुणाकडे मागायची? १८५३ साली सालारजंग दिवाण झाले, त्यांनी हे मक्ते बंद केले. १९४८ साली ते राज्य भारतात आले. राज्य गेले, पण शब्द राहिला. मोगलाई म्हणजे जुलमी, बेबंद कारभार.

पण एक ध्यानात ठेवा बरं का. हा शब्द कुणाच्या जातीधर्माला लावायचा नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मुसलमानच होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस. त्याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला. त्याचे नाव लोक अजून चांगले घेतात. जिथे हिशेब नाही आणि दाद नाही तिथे मोगलाई. मग गादीवर कुणीही असो.

दुसऱ्या दिवशी बाबा जाऊन पावती घेऊन आले. वर्गात त्यांनी ती अक्षर लावून वाचली. दिले होते पाचशे, पावतीवर होते चारशे! बाबा तसेच उठले. पावती दुरुस्त करून आणली, मगच पाटीला हात लावला.

सांगा पाहू:
१. मोगलाई शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२. मक्तेदार रयतेकडून जास्त पैसे का काढी?
३. तुमच्या घरातली एक पावती आणा. तिच्यावरची रक्कम आणि तारीख वाचून दाखवा.