कासवरची बुटकी कारवी

प्रश्न : कास पठारावर गुडघ्याएवढीच कारवी दिसली. वाऱ्यामुळे खुरटली असेल का? घरी चांगल्या मातीत लावली तर वाढेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काळजी नको, ती खुरटलेली नाही. ती टोपली कारवी, वेगळीच जात. पूर्ण वाढूनही ती गुडघ्याच्या वर क्वचितच जाते. डोंगरउतारावरची कारवी पुरुषभर उंच होते आणि तिच्या मोठ्या पानांना देठ असतो. टोपली कारवीची पानं लहान, खरखरीत, केसाळ आणि देठाविना थेट फांदीला चिकटलेली. झुडूप गोल घुमटासारखं. जांभळट निळी फुलं उभ्या, दाट कणसांत येतात. सामूहिक बहर साधारण सात वर्षांनी. रोप मात्र कृपया उपटू नका. जांभ्यावरच्या पातळ मातीतलं हे झुडूप कुंडीत सहसा रुजत नाही, शिवाय ते पश्चिम घाटाबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पायवाटेवरूनच पानाजवळ वाकून पाहा, देठ नाही हे लगेच दिसेल.