पिओनी अकोल्यात का फुलत नाही?

प्रश्न : पिओनीचे कंद कुंडीत लावून दोन वर्षं झाली. पानं येतात, उन्हाळ्यात करपतात. कळी एकदाही धरली नाही. माझं काय चुकतं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही. पिओनीच्या डोळ्यांना हिवाळ्यात कित्येक आठवडे ५-६ अंशांच्या आसपासची थंडी लागते, तेव्हा कुठे कळी धरते. वऱ्हाडात पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरला तरी दुपारी ऊन तापतंच. पुढे मे महिन्यात ४५ अंश. पिओनीची एक रानटी जात हिमालयात फुलते, ती तिथल्या कडक हिवाळ्यामुळे. कुंडीत बर्फ टाकून ही थंडी भरून निघत नाही, तो खटाटोप करू नका.

भरगच्च पाकळ्यांचीच हौस असेल तर शेवंती लावा. जून-जुलैत तिच्या काश्या, म्हणजे बुंध्याशी आलेले फुटवे, लावा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. महिन्याभरात शेंडा खुडा. मोठं फूल हवं तर फांदीवर एकच कळी ठेवा. आणि कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली नको: शेवंतीला लांब, अंधारी रात्र मिळाली तरच कळी येते.