लाकडी पेनाचा नैसर्गिक रंग टिकवायचा? मग फिनिश असा निवडा

व्हिडिओत आपण लेथवर पेनाची कांडी कातून, पॉलिश पेपरने गुळगुळीत करेपर्यंत आलो होतो. फिनिशचा भाग तिथे दोन मिनिटांत उरकला, पण नवीन माणसाचा पैसा अडकतो तो याच टप्प्यावर. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

गिऱ्हाईक म्हणतं, "लाकडाचा ओरिजनल रंग पाहिजे." या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. एक, आज पेन हातात घेतल्यावर लाकूड रंगवल्यासारखं दिसू नये. दुसरी, दोन वर्षांनीही ते असंच दिसावं. पहिली मागणी फिनिशने पूर्ण होते. दुसरी कुठल्याच फिनिशने शंभर टक्के होत नाही, कारण लाकडाचा रंग उजेडाने बदलतो. उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनवर आणि रंगद्रव्यांवर काम करतात. वर काचेसारखा पारदर्शक थर दिला तरी किरण त्यातून आत जातातच.

आपल्याकडच्या लाकडांवरच बघा. फुलसावंगी, महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यात सुताराकडे सागाचे तुकडे सहज मिळतात (घेताना पावती घ्या, सागाच्या बाबतीत हे विसरू नका). ताजा कातलेला साग हिरवट-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. काही आठवडे उजेड लागला की तोच सारखा सोनेरी तपकिरी होतो. म्हणजे सागाला उजेड फायद्याचाच! वाळलेली कांडी कातून झाली की आठ-पंधरा दिवस उजेडात ठेवायची आणि मग फिनिश द्यायचा. हळदूचं उलट आहे. त्याचा पिवळा रंग हीच त्याची किंमत, आणि तोच हळूहळू तपकिरीकडे जातो. पडाऊकचा भडक लाल-केशरी रंगही असाच तपकिरी होतो. या दोन लाकडांवर "रंग कायम राहील" असं लिहून विकू नका.

आता फिनिश. आधी एक फुकटची चाचणी सांगतो. कांडीवर स्पिरिटचा बोळा फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, साधारण तोच रंग कुठलाही पारदर्शक फिनिश दिल्यावर दिसणार. गिऱ्हाइकाला कोरडा फिकट रंग आवडला असेल तर तिथेच दाखवून द्या, नंतरचा वाद वाचतो.

जवसाचं तेल विदर्भात घरोघरी माहीत, स्वस्त, आणि लाकडाची रेघ त्यात फार सुंदर उठते. शिसम, बाभूळ अशा गडद लाकडाला चालतं. पण हळदूसारख्या फिकट लाकडाला ते पिवळसर-तांबूस झाक देतं, आणि ती काळानुसार वाढते. शिवाय पेन दिवसभर हाताच्या घामात असतो, तिथे नुसतं तेल टिकत नाही. एक सावधगिरी: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा.

चपडा, म्हणजे लाख. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. लाखकाम करणारे कातारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि चढते. पेनाचं फ्रिक्शन पॉलिश याच तत्त्वावर चालतं, फक्त लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मेण घालून वापरतात. पाच मिनिटांत चमक येते. साधा चपडा नारिंगी असतो, त्यामुळे फिकट लाकडासाठी ब्लीच केलेला पांढरा चपडाच घ्या. त्याची अडचण वेगळीच आहे. स्पिरिटमध्ये विरघळणारी वस्तू सॅनिटायझरमध्येही विरघळते. दवाखान्यात, बँकेत वापरायच्या पेनावर हा फिनिश देऊ नका. पडाऊकला फिकट लाकूड जोडून पेन केला असेल, तर स्पिरिट लाल रंग ओढून फिकट भागावर पसरवतं, तेही लक्षात ठेवा.

सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा पातळ गोंद, रंगाच्या दृष्टीने सगळ्यात इमानदार. जवळपास पाण्यासारखा स्वच्छ, कडक, घामाला दाद न देणारा. पातळ सहा-आठ थर, मधे बारीक पेपर, शेवटी पॉलिश. साग तेलकट असतो, म्हणून आधी अॅसिटोनने पुसा, नाहीतर थर सुटतो. पावसाळ्यात दमट हवेत थर पांढुरका पडू शकतो. गोंद कापसावर किंवा सुती कापडावर घेऊ नका, तो एकदम तापतो, बोट भाजतं. टिश्यू पेपर वापरा, खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा. हात लावल्यावर थोडं प्लास्टिकसारखं लागतं, ही तक्रार खरी आहे.

तो स्पर्श नको असेल तर वॉटर-बेस पारदर्शक लॅकर आहे. तोही पिवळा पडत नाही. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, बारीक पेपर मारून घ्या. बाभळीवर मात्र लोखंडी तारेचा घासा फिरवू नका. बाभळीत टॅनिन भरपूर, लोखंडाचा कण आणि पाणी मिळालं की काळे डाग. अतिनील किरण अडवणारा लॅकरही मिळतो. त्याने रंगबदल मंदावतो, थांबत नाही.

आता हिशोब. समजा फ्रिक्शन पॉलिशला पेनामागे 5 मिनिटं लागली आणि गोंदाच्या फिनिशला 25. 50 पेनांच्या ऑर्डरला फरक 1000 मिनिटांचा, म्हणजे जवळपास 17 तास. तासाला 100 रुपये मजुरी धरली तर पेनामागे साधारण 33 रुपये जास्त. हे दरात धरले नाहीत तर तुमचे दोन दिवस फुकट गेले. माझं मत विचाराल तर रोज वापरायच्या पेनाला गोंदाचा फिनिश द्या आणि 33 रुपये बिनधास्त मागा. भेट म्हणून डबीत राहणाऱ्या पेनाला पांढरा चपडा पुरे.

ऑर्डर घेण्याआधी एक काम मात्र करा. प्रत्येक लाकडाची एक पट्टी घ्या, तिचे चार भाग करून चार फिनिश द्या. पट्टीच्या अर्ध्या रुंदीवर अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा आणि दुकानाच्या उन्हाच्या बाजूला ठेवा. मागे तारीख लिहा. महिन्याने कागद काढला की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसतो. ही पट्टी काउंटरवर ठेवा. गिऱ्हाइकाने विचारलं की हातात द्या आणि पेनाच्या डबीत छोटं कार्ड घाला: "हे खरं लाकूड आहे. रंग वापराने आणि उजेडाने मुरत जाईल. थेट उन्हात ठेवू नये." ज्यावर चपडा आहे, त्या कार्डावर सॅनिटायझरची ओळ वेगळी लिहा.