राजीनामा लिहिण्याआधी

अगं, काल रात्री "ताई, मी आता सोडतेच" म्हणालीस आणि मागे बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवलास. मला नंतर झोप लागली नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये दूध पिळून बेसिनमध्ये सोडून द्यावं लागतं, हे तू किती सहज सांगून गेलीस! मी त्यातून गेले आहे. त्या क्षणी नोकरी, पगार, बढती, सगळं फोल वाटतं. पण त्या बाथरूममधून बाहेर येऊन लगेच राजीनामा लिहू नकोस.

आधी घरून काम माग. आठवड्यातले दोन दिवस. आणि मागताना "सर, प्लीज, बाळ लहान आहे" हा सूर लावू नकोस. बाळाचं ऐकून मॅनेजर हळहळेल, कदाचित होही म्हणेल, पण ते तुझ्यावर केलेले उपकार ठरतील आणि अप्रेझलच्या वेळी बरोब्बर आठवतील. तू त्याला त्याचा फायदा सांग. फायदा खरोखर आहे, आणि तो मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिलाय.

माझ्या टीममधल्या एका हडपसरच्या मुलीबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. मूल दहा महिन्यांचं होतं तिचं. तिनं दोन दिवस घरून मागितले. "सगळ्यांनी पाचही दिवस यायचं" हा वरून आलेला नियम मी तिला वाचून दाखवला आणि विषय संपवला. आठवड्याभरात तिचा राजीनामा आला. तिच्या जागी माणूस मिळेपर्यंत नोटीस पिरियडचे 90 दिवस संपले. जो आला तो हुशार होता, पण क्लायंटचं कुठलं काम कुणाला विचारून करायचं, मागच्या वर्षी काय बिघडलं होतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. त्याला ते उमगायला सहा महिने गेले. दोन दिवसांचा आग्रह धरून मी जवळजवळ वर्ष घालवलं. तिचं काय झालं असेल, हे अजूनही मनात येतं. म्हणून सांगते, तुझा मॅनेजर त्याच जागी उभा आहे, त्याला मी केलेली चूक करू देऊ नकोस.

त्याला आकडे लागतील. ते माझ्याकडून घे.

चीनमध्ये सीट्रिप नावाची प्रवासाची बुकिंग करणारी मोठी कंपनी आहे. शांघायमध्ये ऑफिसची जागा महाग, आणि कॉल सेंटरमधली माणसं भराभर सोडून जायची. कंपनीचे एक संस्थापक जेम्स लिआंग तेव्हा स्टॅनफर्डला पीएचडी करत होते. ते आणि तिथले प्राध्यापक निकोलस ब्लूम यांनी मिळून 2010 च्या अखेरीला एक प्रयोग सुरू केला. तयार असलेल्या 249 जणांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती, त्यांना आठवड्यातले 4 दिवस घरून काम दिलं, एक दिवस ऑफिसात. विषम तारखेचे पूर्वीसारखेच ऑफिसात. नऊ महिन्यांनंतर घरून करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. त्यातला मोठा भाग नुसता वेळेचा होता: उशिरा पोचणं कमी, आजारपणाच्या रजा कमी, मधल्या सुट्ट्या कमी. उरलेला भाग शांततेचा, घरी गलका नसल्यामुळे मिनिटाला जास्त कॉल घेता आले. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. जागेचा खर्च वाचला तो वेगळाच.

पण पुढचंही ऐक, कारण तू काल "पाचही दिवस घरूनच मागते" म्हणालीस. प्रयोग संपल्यावर कंपनीनं निवड करायला सांगितली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्मे आपणहून ऑफिसात परतले. एकटेपणा सोसवेना. शिवाय काम जास्त करूनही त्या मानानं त्यांना बढत्या कमी मिळाल्या. समोर दिसत नाही तो माणूस साहेबाच्या मनातूनही उतरतो. माझं हेच झालं. कोविडनंतर मी दोन वर्षं एकदाही ऑफिसात गेले नाही. काम चोख होतं, पण चहाच्या टपरीवर जे ठरायचं ते मला मेलवरून कळायचं, ठरून गेल्यावर. बढती माझ्याहून नव्या मुलाला मिळाली. आईला मी "यंदा कुणालाच नाही दिली" असं खोटं सांगितलं होतं.

म्हणून दोनच दिवस. याच कंपनीत नंतर दुसरा प्रयोग झाला, 1,612 जणांवर, आणि हे लोक तुझ्यासारखे होते: इंजिनिअर, मार्केटिंगवाले, हिशेबाची माणसं. बुधवार आणि शुक्रवार घरून, बाकी ऑफिसात. 2024 मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. राजीनामे एक तृतीयांशानं घटले. बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये तर हा फरक ठळक होता. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. सुरुवातीला मॅनेजरांना वाटत होतं काम घटेल. शेवटी त्यांचंच मत बदललं. हे वाक्य तुझ्या मॅनेजरला नक्की सांग.

मग तुझा स्वतःचा हिशेब मांड. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला जायला तुला दीड तास, यायला दीड. वाकडच्या पुलाखाली अडकलीस तर विचारूच नकोस. दोन दिवस घरी म्हणजे आठवड्याला सहा तास सुटले. त्यातले दोन कामाला दे, अगदी लिहून दे. चार बाळाचे. कंपनीला काही न देता दोन तास मिळतात आणि तू दमून पोचत नाहीस.

कायद्याचंही माहीत असू दे. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांवर गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीत असंही आहे की, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर दोघांच्या संमतीनं ठरलेल्या अटींवर घरून काम देता येईल. "देता येईल" असं आहे, "द्यावंच लागेल" असं नाही, म्हणून कायदा दाखवून भांडायला जाऊ नकोस. पण एचआर "आपल्याकडे अशी सोयच नाही" म्हणाले तर शांतपणे दाखवता येतो. 50 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही करावी लागते, तेही विचारून घे.

आता घरातलं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरून काम म्हणजे काम करता करता बाळ सांभाळणं नव्हे. तो घोटाळा सगळ्या घरात होतो. घरून कामाच्या दिवशीही बाळ सासूबाईंकडे किंवा मावशींकडेच राहील, तू फक्त दूध पाजायला बाहेर येशील, हे आधी बोलून ठेव. तू बोलू नकोस, नवऱ्याला बोलू दे; त्याची आई आहे. "सून घरीच आहे की" म्हणून कुणी गॅसची टाकी घ्यायला, कुणी पाहुण्यांच्या चहाला हाक मारणार. पहिल्या आठवड्यात उठलीस की संपलं, मग कायम उठावं लागेल. आणि दोन तास दिलेस म्हणून रात्री साडेनऊचा कॉलही घेऊ नकोस. लॅपटॉप मिटण्याची वेळ मागणीच्या मेलमध्येच लिही.

गुरुवार मागू नकोस हं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, आणि पहिल्याच महिन्यात कॉल मधेच तुटला तर लाईटला नाही, तुला नावं ठेवतील. बुधवार-शुक्रवार बरे.

डायनिंग टेबलवर बसून करण्याचा विचार असेल तर तो सोड. 2020 मध्ये मी तेच केलं, मान अजून दुखते. दार बंद होईल अशी जागा हवी. तुमच्या मागच्या खोलीत जादा गाद्या आणि तो जुना टीव्ही पडलाय ना? मी रविवारी सकाळी येते, दोघी मिळून ती खोली रिकामी करू. माझं टेबल घेऊन येते. मेलचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव, बाळाचा उल्लेख एकदाच कर, आणि तोही शेवटी.